मिस्त्रीची दुपार

वारूळवाडीच्या त्या दुकानात जळकी मोटार घेऊन येणारा माणूस मोटारीपेक्षा जास्त जळालेला असायचा. मीही त्यातलाच. निमगाव साव्याहून विहिरीवरची मोटार जीपमध्ये टाकून, धुळीनं पांढरा होऊन मी पहिल्यांदा तिथं पोचलो, तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. त्यावर खडूनं लिहिलं होतं, 'मिस्त्री आत आहे. तीनपर्यंत उठवू नये.' अक्षर बाईमाणसाचं, ठळक आणि जरा रागावलेलं.

दुकान बंद आहे असं लिहिलं असतं तर मी गुमान परत फिरलो असतो. पण माणूस आत आहे, धडधाकट आहे, आणि उठणार नाही हे तो उघड सांगतो, याचीच मला चीड आली. मी वाकून आत डोकावलो. तांब्याच्या तारेची रिळं, आतडी काढल्यासारख्या उघड्या मोटारी, वार्निशचा वास, आणि मधोमध बाजेवर डोळ्यांवर ओलं फडकं टाकून उताणा पडलेला एक बारका, काळासावळा माणूस. मी शटर वाजवलं. फडकं न काढताच तो म्हणाला, "पावणं, कोपऱ्यात पोतं हाय. आडवं व्हा. तीन वाजता बगू."

"मला झोप नाही आलेली."

"आली नसंलच. तरी आडवं व्हा."

मी आडवा झालो नाही. दीड तास पायरीवर बसून त्याला मनातल्या मनात शिव्या घालत राहिलो. आमची ओळख अशी झाली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या भागात विहिरीला विहीर लागून, आणि प्रत्येक विहिरीवर विजेची मोटार. वीज यायची तिच्या मनानं, आली तरी अर्ध्या जोरानं. मग मोटारी जळायच्या. जळलेली मोटार पुन्हा बांधायची म्हणजे आतली करपलेली तार कापून काढायची, तिचे वेढे मोजायचे, तितक्याच वेढ्यांची नवी तार गुंडाळून खाचांमध्ये बसवायची, वर वार्निश द्यायचं आणि ते वाळू द्यायचं. वेढे चुकले की मोटार पंधरा दिवसांत परत दारात. नारायणगावात एका दिवसात मोटार बांधून देणारे होते. मिस्त्री तीन दिवस घ्यायचा. पण त्यानं बांधलेली मोटार पाच-पाच वर्षं हूं की चूं करायची नाही. म्हणून सगळे त्याला नावं ठेवायचे आणि सगळे त्याच्याच दारात उभे असायचे.

मोटार आली की तो आधी तिच्यावर पालथा हात ठेवायचा, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मालकाकडं बघून विचारायचा, "जेवला कदी? झोपला कदी?" माणूस गोंधळून जायचा. काम चालू असताना कुणी डोक्याशी उभं राहिलेलं त्याला चालत नसे. "तिकडं लांब बसा भाऊ. तुमची घाई माझ्या बोटात उतरती, आन मग वेढा चुकतो." हातात घड्याळ नव्हतं. जुन्नरला जाणारी एकची एसटी समोरून गेली की तो पक्कड खाली ठेवायचा. वेढा अर्धा असला तरी ठेवायचा. किती वेढे झाले तो आकडा खडूनं फरशीवर लिहायचा, तारेला दोऱ्याची गाठ मारायचा आणि फडकं भिजवायला माठाकडं जायचा.

एकदा पंचायत समितीचा एक सदस्य आला, पांढरेशुभ्र कपडे, मागं दोन माणसं. नेमका एक वाजलेला. मिस्त्रीनं त्याच्यासाठी स्वतः पोतं झटकून अंथरलं. सदस्य दहा मिनिटं गरजला. मी कोण, माझी ओळख कुठवर, तुझं दुकान कुणाच्या जागेत आहे, सगळं झालं. मिस्त्री फडक्याखालून "व्हय, व्हय" म्हणत होता. शेवटी सदस्य दमून पोत्यावर टेकला आणि असा घोरायला लागला की तीन वाजता त्याला हलवून उठवावं लागलं. तो कुणाकडं न बघता गाडीत जाऊन बसला. पुढं तो मोटार नसतानाही अधूनमधून दुपारी येतो अशी बोलवा होती. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण माझा विश्वास आहे.

त्या पहिल्या दिवशी त्यानं माझी मोटार उघडली, वास घेतला आणि विचारलं, "स्टार्टर बांदला व्हता का?"

"नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं. मोटारीवर ताण आला की स्टार्टर आपोआप पडतो आणि मोटार बंद होते, म्हणून तर ती वाचते. पण आम्हाला रानातून विहिरीवर सारखं कोण पळणार? मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आम्ही स्टार्टर आवळून बांधायचो. पडायला जागाच ठेवायची नाही. आमच्या अख्ख्या शिवारात एक स्टार्टर सुटा नसेल.

मिस्त्रीला माझं खोटं कळलं होतं. तो रागावला नाही. म्हणाला, "मोटारीला निदान स्टार्टर तरी हाय. माणसाला त्योबी नाय, राव."

त्या वर्षांत मीही असाच चालत होतो. पहाटे फवारणी, दिवसभर मजूर, संध्याकाळी माल भरायचा, वीज येईल तेव्हा पाणी. चार तास झोप म्हणजे चैन. बायको म्हणायची, तुम्ही जेवताना भिंतीशी बोलता. मी म्हणायचो, भिंत निदान ऐकून तरी घेते. घरी दुपारी पाठ टेकली तर चोरी केल्यासारखं वाटायचं. कुणी हाक मारली की मी धडपडून उठायचो आणि झोपलोच नव्हतो असं सांगायचो. साऱ्या जगात एका त्या दुकानातच मला दिवसाढवळ्या आडवं व्हायला कुणी भाग पाडत होतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी भांडण सोडून दिलं आणि पोत्यावर पडलो. झोप लागली नाही. पण रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज लांब लांब जात राहिले, आणि तीन वाजता उठलो तेव्हा डोळ्यांमागची ठणक गेली होती. त्यानंतर, खरं सांगतो, कधी कधी मी मुद्दाम साडेबारालाच पोचायचो.

अशाच एका दुपारी, दोघंही छताकडं बघत पडलेलो असताना, त्यानं मला त्याची गोष्ट सांगितली. तो मूळचा तळेघरच्या बाजूचा. भात आणि नाचणीची तुकडा-तुकडा शेती. तिथून पुण्याकडच्या एका कारखान्यात वायंडिंगच्या, म्हणजे मोटारीची तार गुंडाळायच्या, कामाला लागला. हात चांगला, म्हणून दोन-दोन पाळ्या देऊ लागले. यानं नाही म्हटलं नाही. मग झोप येईना. यंत्र बंद झालं तरी कानात घुमत राहायचं, आणि वेढे मोजायचं काही केल्या थांबेना. जेवताना घास मोजायचा, चालताना पावलं मोजायचा, बायको बोलायला लागली की तिचे शब्द मोजायचा.

"अकरा दिवस डोळ्याला डोळा न्हाई लागला. मंग मला पुन्याच्या दवाखान्यात ठिवला. येड्यांच्या. चार म्हैने." हे त्यानं गावाचं नाव सांगावं तितक्या सहज सांगितलं. "सुटताना डाक्टर बोलला, रात्रीची गोळी चुकली तर येकवेळ चालंल, पन दुपारचं पडनं चुकवू नको. कुनी मेलं तरी पडायचं. ज्या दिवशी पडला न्हाईस, त्या दिवसापासून मोजायला लागशील. तवापासून बारा वर्सं झाली. येक दुपार चुकवली न्हाई."

"लोक हसतात तुम्हाला."

"हसूं द्या की. मोजण्यापरास ते बरं."

शटरवरची पाटी त्याची बायको लिहायची. खडू पुसट झाला की वहिनी येऊन पुन्हा गिरवून जायच्या. रागावलेलं अक्षर कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. पुढं जे झालं ते अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

त्या वर्षी वैशाखात माझ्याकडं दोन एकर टोमॅटो होता. फळ धरलेलं, कालव्याचं आवर्तन बंद, सगळी मदार विहिरीवर. स्टार्टर वरचेवर पडायला लागला म्हणून मी पुन्हा पट्टी आवळली आणि मोटार जाळली. दुकानात पोचलो तर माझ्याआधी तीन मोटारी रांगेत. मिस्त्री म्हणाला, सहा दिवस लागतील. मी हिशेब केला. चौथ्या दिवशी झाडं माना टाकतील, सहाव्या दिवशी उपटून टाकावी लागतील.

मी पाया पडलो नाही, पण त्याहून वाईट केलं. त्याच्या शेजारी बाजेवर बसलो आणि बोलत राहिलो. तीन महिन्यांची मेहनत, बायकोचे हात कसे सोलवटलेत, मला रात्री कशी धडधड होते. त्याचं मऊ कुठं आहे ते मला माहीत होतं, तिथंच बोट ठेवलं. "मी मेल्यावर मोटार देऊन काय करणार मिस्त्री?" असंही बोललो. बाहेरून एकची एसटी गेली. त्याचा हात पक्कड ठेवायला खाली गेला आणि थांबला.

"बरं," तो म्हणाला. "आजच्या दिवस बगू."

त्या दुपारी तो पडला नाही. शटर उघडंच राहिलं. मी समोर बसून त्याचे ओठ हलताना बघत होतो आणि मला फक्त माझा टोमॅटो दिसत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटार मिळाली. रानात पाणी आलं, झाडं उभी राहिली.

गंमत बघा, त्यात गंमत काही नाही. ज्यांचा नंबर डावलून माझी मोटार बांधली होती, ते तिघं ती दुपार तिथंच पायरीवर बसलेले होते. त्यांनी विचारलं, त्याच्यासाठी जागा राहिलास, मग आम्ही काय घोडं मारलंय? त्यांचंही रान वाळतच होतं. इतकी वर्षं तो सगळ्यांना सारखंच नाही म्हणत होता म्हणून कुणाला वाईट वाटत नव्हतं. एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणणं त्याच्या तोंडाला जमेना. तिघांच्या झाल्या, तोवर नव्या पाच आल्या. वहिनींनी शटरवर पाटी लिहिली, ती गिऱ्हाइकांनी बाहीनं पुसली.

दहा दिवसांनी मी त्याला द्यायला टोमॅटोची पाटी घेऊन गेलो. केवढं औदार्य माझं. दुपारचे दोन वाजले असतील. मिस्त्री वायंडिंगच्या यंत्राचा दांडा फिरवत होता. चाक गरगरत होतं. रिळावर तार नव्हती. रिकामंच चाक फिरवत तो मोठ्यानं मोजत होता, "चारशे येक, चारशे दोन, चारशे तीन..." दारात उभ्या माणसांना वाटत होतं, कामाचा काय सपाटा आहे.

मी हाक मारली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि मोजत राहिला. वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. "बारा वर्सं सांबाळला व्हता भाऊ," एवढंच म्हणाल्या. माझ्यामुळं झालं हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

जीप माझीच होती. चालवायला गावातला एक पोरगा, त्याच्या शेजारी वहिनी, मागं मी आणि त्यांचा मंचरहून आलेला भाऊ, मधे मिस्त्री. पुण्यापर्यंत त्यानं विजेचे खांब मोजले. राजगुरुनगरला मी त्याला पाणी दिलं तर त्यानं घोट मोजले. मी त्याचा हात धरून बसलो होतो. तो हात माझ्या हातात सारखा दांडा फिरवल्यासारखा फिरत होता. मला आजवर इतकी लाज कशाचीच वाटलेली नाही.

या खेपेला सहा महिने लागले. दुकान मेव्हण्यानं चालवायला घेतलं. माणूस वाईट नव्हता. शटर सकाळी आठला वर जायचं ते संध्याकाळी आठला खाली यायचं, मोटार एका दिवसात मिळायची, लोक खूश होते. मिस्त्री परत आला तेव्हा मेव्हण्यानं त्याला सांगितलं, दाजी, तुम्ही आता फक्त आराम करायचा. पक्कडसुद्धा हातात घ्यायची नाही. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं असावं, किंवा मेव्हण्याला तसं ऐकू आलं असावं.

मी भेटायला जाण्याचं सात-आठ महिने टाळलं. पीक, पाहुणे, लग्नकार्य, टाळायला काय, सगळं असतं. शेवटी पुढच्या आषाढात गेलो. तो घरामागच्या पडवीत बाजेवर बसला होता. अंगानं सुटला होता, दाढी पिकली होती. मोजत नव्हता. समोरच्या दोरीवरच्या कपड्यांकडं बघत होता. मी मनात घोकून आलो होतो की पहिलं वाक्य माफीचं बोलायचं. तोंडातून निघालं, "कसं काय मिस्त्री, आराम चाललाय ना?"

"आराम कसला," तो म्हणाला. "सकाळपासून बसलोय. काल बसलो व्हतो. उद्याबी बसायचंच हाय. काम करता करता मधी पडलं की त्याला आराम म्हनत्यात भाऊ. तवा येक ते तीन माझं व्हतं. आता समदा दिस मोकळा दिलाय, पन त्यातलं घटकाभरबी माझं न्हाई."

घराला लागूनच असलेल्या दुकानातून मेव्हण्याच्या यंत्राचा आवाज येत होता. मिस्त्रीनं तिकडं कान दिला. मग जरा पुढं झुकून, कुणाला कळू नये अशा बेतानं म्हणाला, "येखादी जळकी मोटार असंल तर आना की तुमी. पन घाई नसलेली."

घाई नसलेली मोटार. मी गावात विचारून पाहिलं. लोक मला हसले. मोटार जळाली की ती आजच पाहिजे असते, आणि जळाली नसेल तर कुणी कशाला काढून देईल? शेवटी भाद्रपदात एका सकाळी मी माझ्या विहिरीवर गेलो. पाऊस भरपूर झालेला, विहीर काठोकाठ, रानात चिखल. मोटार उत्तम चालत होती, त्यानंच बांधलेली. मी तीनांतला एक फ्यूज काढला, म्हणजे मोटारीवर ताण यावा, स्टार्टर बांधला आणि बटण दाबलं. मोटार घुमत राहिली, मग करपट वास आला, मग थांबली. बायको बांधावरून सगळं बघत होती. मोटार जीपमध्ये चढवताना तिनं दुसऱ्या बाजूनं हात लावला.

मिस्त्रीनं तिच्यावर पालथा हात ठेवला. उघडली, वास घेतला. "भादव्यात इहीर भरल्याली आसताना कुनी मोटार चालवतं व्हय," तो पुटपुटला. मी दोरीवरच्या कपड्यांकडं बघत राहिलो. मेव्हण्याला काय वाटेल त्याचा विचार न करता वहिनींनी दुकानातून पक्कड, कात्री आणि जुनं हातयंत्र आणून पडवीत ठेवलं.

रोज थोडं थोडं काम चाललं. एक वाजला की वहिनी पडवीचं दार लोटून घ्यायच्या. मी दर आठ दिवसांनी जायचो. आठ दिवसांत कधी दोन खाचा भरलेल्या असायच्या, कधी एक. एकदा त्यानं सगळं उसवून पुन्हा सुरुवात केलेली होती, कारण त्याला वेढ्यांची शंका आली होती. तो मोजायचा तेव्हा मी श्वास धरून बसायचो. शेवटचा आकडा आला की तो थांबायचा. थांबत होता.

नवरात्र संपलं. परतीचा पाऊस आलाच नाही. माझ्या रानात कांद्याचं रोप लावून झालं होतं, वर ऊन चढायला लागलं होतं, आणि विहीर भरलेली असून रानात पाणी नव्हतं. बायको आणि मी कळशीनं वाफे भिजवत होतो. कडेचे वाफे पिवळे पडले, मग मधले पडायला लागले. शेजारी म्हणाला, अरे, मेव्हण्याकडं दे, उद्या मिळेल. मी म्हटलं, बघू.

त्या आठवड्यात गेलो तेव्हा माझ्या हातांना कळशीचे घट्टे होते, ते मी पाठीमागं घेऊन बसलो. मिस्त्री तार लावत होता. अजून अर्ध्या खाचा रिकाम्या होत्या. त्यानं मान वर करून माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं.

"घाई न्हाई ना, भाऊ?"

"नाही मिस्त्री," मी म्हणालो. "अजिबात नाही."